निर्मळ बाटली

आमच्या तालुक्याच्या गावी कामगारांची अमली पदार्थ चाचणी सुरू झाली, याबद्दल संबंधितांचे हार्दिक अभिनंदन. लघवीच्या एका बाटलीत गांजा, अफू, कोकेन, ॲम्फेटामीन आणि पीसीपी असे पाच पदार्थ तपासतात. शेवटच्या तिन्हींचे नावही गावाने ऐकलेले नसल्याने निकाल उत्साहवर्धक आहेत. देशी दारू यादीत नाही. तिच्यावर सरकारला महसूल मिळतो. गुटखाही नाही, तो राज्यात २०१२ पासून बंदच आहे. प्रयोगशाळेच्या जिन्यातले लाल कोपरे ही बहुधा नक्षी असावी.

खसखस मात्र घातक. तिच्यात अफूतल्या मॉर्फिनचा अंश असतो. तिच्यापायी अमेरिकेने १९९८ साली अफूची मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० वर नेली. आपण एवढे ढिले पडू नये. दिवाळीत अनारसे तळणाऱ्या प्रत्येक घरावर छापा घालावा.

एका कारखान्याच्या मालकांनी तर स्वतःपासून सुरुवात केली. त्यांना शुद्ध यायला दुपार होते, म्हणून त्यांची बाटली ड्रायव्हरने भरून दिली. मालक निष्कलंक ठरले. ड्रायव्हरला लगेच दुसरी बाटली भरता आली नाही. चाचणीस असहकार केल्याबद्दल त्याला कामावरून काढण्यात आले.