दीड जीबीचे पाटकरी

महाकोशलात मामाने भाच्याच्या पाया पडायचं असतं. आमचं आजोळ मूळचं मराठी, पण तिकडे तीन पिढ्या काढल्यावर ही रीतही घरात शिरली. जबलपूरहून पाटनच्या बसमधून उतरून अंगणात पाऊल टाकलं, की सत्तरीतले मामा वाकतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. यंदा जानेवारीतही वाकले. उठताना मात्र त्यांचा हात माझ्या खिशातल्या फोनशी रेंगाळला.

"मागच्या वेळी हॉटस्पॉटचा पासवर्ड दिला होता बघ तुला," ते म्हणाले, "तो आता बदललाय."

घराघरात असा एक मोजणारा असतोच. पूर्वी तो दुधाचा हिशेब ठेवी, विजेच्या मीटरसमोर उभा राही, रिकाम्या खोलीतला पंखा बंद करी. आता तो डेटा मोजतो. आमच्या मामांना तर मोजण्याचं बाळकडू नोकरीतच मिळालेलं. उभी हयात बर्गी धरणाच्या कालव्यांवर गेज वाचण्यात गेली. किती पाणी सुटलं, किती पोचलं, मधल्या मध्ये किती मुरलं. निवृत्तीनंतर कालवा सुटला, पण आतला पाटकरी काही सुटला नाही.

म्हणूनच भल्याभल्यांचा जिथे गोंधळ होतो, तिथे मामांचा होत नाही. "स्पीड म्हणजे क्युसेक, जीबी म्हणजे धरणातला साठा. धरण भरलंय म्हणून तुझ्या शेतात पाणी येतं का?" वर आणखी एक मेख ते सांगतात : कंपनी बिटांत बोलते, आपण बाइटांत ऐकतो. जाहिरातीतल्या आकड्याला आधी आठाने भागायचं, मग तोंडाला पाणी सुटू द्यायचं.

गच्चीपासून अंगणापर्यंत त्यांनी खडूने वेगाचे गेज आखलेत. पाण्याच्या टाकीपाशी १४ एमबीपीएस, जिन्याच्या तोंडाशी ६, खाली तुळशीपाशी १.९. सरकारने २०२३च्या जानेवारीत ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली. त्या दिवसापासून आमची तुळस ब्रॉडबँडमध्ये बसत नाही. मामींनी वृंदावन दोन हात सरकवू द्यायला साफ नकार दिला, नाहीतर तीही बसली असती.

वही लांबट, लाल पुठ्ठ्याची. रोजचं पान, रकाने चार : आवक, वापर, वहनव्यय, शिल्लक. आवक रोज दीड जीबी. वहनव्यय म्हणजे कालव्यात वाटेतच मुरणारं पाणी. इथे मात्र त्यात मोडतात आपोआप उतरणारे व्हिडिओ, परस्पर अद्ययावत होणारी ॲपं आणि मामींच्या भगिनी मंडळाची सुप्रभातं. एका सकाळी गुलाबाच्या फुलांनी ४० एमबी नेले, तेव्हा मामा दिवसभर जेवले नव्हते, असं मामी सांगतात. (जेवले होते. मटाराची उसळ दोनदा घेतली होती. पण बोलले नव्हते, हे खरं.)

२०१६च्या आधी महिन्याला एक जीबी घ्यायचा तर अडीचशेच्या आसपास मोजावे लागत, आणि मामा तो महिनाभर पुरवीत. त्या सप्टेंबरात जिओ आलं, नेट फुकट झालं आणि सारं पाटन मान खाली घालून चालायला लागलं. एकटे मामा कष्टी होते. "फुकटच्या पाण्याने जमीन चोपण होते," ते म्हणत. आता दर चढले की त्यांच्या चेहऱ्यावर खेद कमी आणि समाधान जास्त दिसतं.

त्यांच्या अंगावर खरा काटा आणणारा शब्द म्हणजे 'चौसष्ट'. कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. अंगणात मटार सोलता सोलता त्यांनी मला शेंगेनेच मातीत गणित मांडून दाखवलं : चौसष्ट भागिले आठ, सेकंदाला आठ केबी. नातीचा एक एमबीचा फोटो उघडायला दोन मिनिटांच्या वर. "तेवढ्यात तिचा पुढचा वाढदिवस येईल." अर्धा डेटा संपल्याचा संदेश आला, की घरात दुष्काळ जाहीर होतो. नव्वद टक्क्यांचा संदेश मी तिथे कधी येताना पाहिला नाही. तेवढी कोणाची छाती नाही.

आता एक गोष्ट मी बोलायला नको होती, पण बोललो. स्पीड मोजायलाही डेटा लागतो. चौदाच्या वेगाने दहा सेकंद चाचणी चालली, तर नुसतं उतरवण्यातच साडेसतरा एमबी जातात. मामा दिवसातून सहा वेळा मोजतात. म्हणजे शंभरावर एमबी झाले. मामा शेंग सोलायचे थांबले. मला वाटलं, आता वहीच बंद होते. संध्याकाळी पाहतो तो वहीत पाचवा रकाना : मापनखर्च.

रात्री साडेअकराला मामांनी मला हलवून उठवलं. कालव्यावर असताना रात्रीच्या पाळीला शेतकऱ्यांना असेच उठवत असावेत.

"ऊठ! नऊशे एमबी शिल्लक आहेत. बारा वाजता बुडतील."

दिवसभर थेंब थेंब राखलेलं धरण आता अर्ध्या तासात उपसायचं होतं. टाकीपाशी सतरंजी घातलेली, मामी शालीत गुरफटून बसलेल्या. मामांनी भेडाघाटच्या धुआंधार धबधब्याचा सगळ्यात वरच्या दर्जाचा व्हिडिओ लावला. भेडाघाट जवळच आहे. पण तिथे जाऊन धबधबा पाहिला तर एमबी संपत नाहीत. नर्मदा दोनदा कोसळली आणि पडद्यावर गोल फिरायला लागला.

"बघितलंस?" मामा अंधारातल्या गावाकडे बघत म्हणाले. "सगळ्यांनी एकदम फाटकं उघडली. सारं पाटन आत्ता उपसतंय."

बारा वाजले. गोल फिरतच होता. मामांनी बॅटरीच्या उजेडात वहीत 'बुडीत ६४०' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"झालं ना? चला आता खाली, थंडी बाधेल," मामी म्हणाल्या.

"खाली? आत्ता?" मामांनी पान उलटलं, नवी तारीख घातली. "आत्ता तर आवर्तन सुटलंय."