आयजीच्या जिवावर

डोनाल्ड ट्रम्प यांचं एक बरं आहे. परदेशातल्या गरिबांना पैसे द्यायचे नाहीत, तर नाहीत म्हणून तोंडावर सांगतात. 20 जानेवारी 2025 ला शपथ घेतली आणि त्याच दिवशी परदेशी मदत 90 दिवस थांबवण्याच्या आदेशावर सही ठोकली. 1 जुलैला ही मदत वाटणाऱ्या यूएसएडचा कारभारच गुंडाळला. आफ्रिकेतल्या दवाखान्यांचे हाल झाले, ते वाईटच. पण बोलणं एक नि करणं दुसरं, असा आरोप त्या गड्यावर करता येत नाही. आमच्याकडे रीत वेगळी. आमचे नेते जगाला जेवायचं आवतण देतात आणि स्वयंपाकाचं नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या कांद्याच्या चांदवडला सांगतात.

12 एप्रिल 2022 ची गोष्ट. युक्रेनचं युद्ध पेटलेलं, गव्हाचे भाव जगभर चढलेले. गुजरातेत अडालजच्या एका वसतिगृहाच्या उद्घाटनात पंतप्रधान मोदींनी सांगितलं, की बायडेनसाहेबांशी बोलणं झालं. जागतिक व्यापार संघटनेने परवानगी दिली तर भारत उद्यापासून जगाला धान्य पुरवायला तयार आहे. महिना उलटला आणि 13 मे रोजी गव्हाची निर्यात बंद! परवानगीचा प्रश्नच मिटला. मार्चच्या उन्हाने गहू होरपळला होता, सरकारी खरेदी निम्म्याच्याही खाली आली होती, हे सगळं खरं. पण भाषणाला उभं राहण्याआधी गोदामात डोकवायला कुणी मनाई केली होती?

तो गहू उत्तरेतला, म्हणून आम्ही नुसते हसलो. मग आमची पाळी आली. सप्टेंबर 2023 मध्ये जी-20 साठी दिल्लीत ‘वसुधैव कुटुंबकम्’च्या पाट्या झळकणार होत्या. त्याआधी ऑगस्टमध्येच कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क बसलं. 8 डिसेंबरपासून तर निर्यातच बंद. कुटुंब सगळ्या वसुधेचं, फक्त त्यातून कांदेवाला वगळलेला. दोनेक आठवड्यांत भाव निम्म्यावर आला.

11 डिसेंबरला शरद पवार चांदवडला आले आणि मुंबई-आग्रा महामार्गावरच्या रास्ता रोकोत उतरले. या वयात उन्हातान्हात शेतकऱ्यांसाठी रस्त्यावर येणं सोपं नाही, दंडवत. फक्त डिसेंबर 2010 मध्येही कांद्याची निर्यात थांबली होती आणि तेव्हा केंद्रात कृषिमंत्री म्हणून कोण बसलं होतं, हे त्या गर्दीतल्या म्हाताऱ्यांना पाठ होतं. विरोधात गेलं की कांदा सगळ्यांनाच झोंबतो.

खरी गंमत पुढे. निर्यात बंद म्हणजे शेतकऱ्याला बंद. सरकारला कशी असेल? मित्रदेशांना कांदा हवा होता. मग नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेड ही नवीकोरी सरकारी छायेतली संस्था पुढे आली. एप्रिल 2024 मध्ये सरकारने अभिमानाने जाहीर केलं, की बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहरीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना मिळून 99,150 टन कांद्याला परवानगी दिली आहे. खरेदी कशी? सर्वात कमी भावाची निविदा भरेल त्याच्याकडून. म्हणजे घेणारा देश दिल्ली ठरवणार, पाठवणारी संस्था दिल्ली ठरवणार, मैत्रीचा फोटो दिल्लीत निघणार आणि त्या मैत्रीचा खर्च चांदवड, लासलगाव, उमराण्याच्या कांदाचाळीतून वसूल होणार. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. परदेशी मदतीच्या कुठल्या तक्त्यात ही रक्कम दिसत नाही, नाहीतर आमचा तालुका देणगीदारांच्या यादीत छोट्या युरोपीय देशांच्या पंगतीला बसला असता.

खरी मदत कोण कुणाला करतं, हे कोडं सोडवलेला माणूस चांदवडला येऊन गेला आहे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी. बर्नमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेत भरपगारी अधिकारी होते, गरीब देशांसाठी चाललेला आंतरराष्ट्रीय खटाटोप जवळून पाहिला होता. सत्तरच्या दशकात ते सगळं सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला त्यांनी शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं. बाया लाखांच्या हिशेबात आल्या, भाकऱ्या बांधून आल्या. गरिबी मदतीअभावी नाही, शेतमालाचा भाव पाडल्यामुळे आहे, हे जोशींचं म्हणणं. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा लोकांना भाषण वाटायची. मला तिच्यात परदेशी मदतीवरचीही टीका ऐकू येते. सरकार शेतकऱ्याला अनुदान देत नाही, उलट त्याच्याकडूनच घेतं, असंही ते सांगत. विद्वान हसत. 2018 मध्ये ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांच्या अहवालाने मोजून दाखवलं, की 2000-01 ते 2016-17 या काळात धोरणांमुळे शेतकऱ्याची ढोबळ मिळकत वर्षाला सरासरी 14 टक्क्यांनी घटली. तोवर जोशी गेलेही होते.

बाजार समितीत हे कळायला अहवाल लागत नाही. व्यापारी ट्रॉलीतले चार कांदे हातात घेऊन चाचपतो, भाव पुकारतो, पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. मागे राहते हिशेबपट्टी. तिच्यात हमाली, तोलाई कापलेली. वर गाडीभाडं घरून. हे सगळं वजा जाता शेतकऱ्यानेच पैसे देणं निघालं, तर त्याला उलटी पट्टी म्हणतात. 2018 च्या शेवटी निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला 750 किलो कांद्याचे 1,064 रुपये मिळाले. त्याने ते मनीऑर्डरने पंतप्रधानांच्या आपत्ती निधीला धाडले. वर मनीऑर्डरचे 54 रुपये पदरचे. देणगी द्यायची तर अशी.

लोकसभेची निवडणूक आली तशी निर्यातबंदी 4 मे 2024 ला उठली, टनाला 550 डॉलरची किमान किंमत आणि 40 टक्के शुल्क गळ्यात घालून. 15 मे रोजी पिंपळगाव बसवंतच्या सभेत एक पोरगा मोदींना ओरडून म्हणाला, कांद्यावर बोला. आमच्या दिंडोरी मतदारसंघात भाजपच्या केंद्रीय मंत्री भारती पवार पडल्या, शाळामास्तर भास्कर भगरे खासदार झाले. कांद्याने धडा शिकवला, असं सगळीकडे छापून आलं. सहा महिन्यांनी विधानसभेला चांदवडने पुन्हा भाजपचेच राहुल आहेर निवडून दिले. धडा नेमका कोणी गिरवायचा होता, ते राहूनच गेलं.

1 एप्रिल 2025 ला शुल्कही गेलं. आता खुशाल विका म्हणाले. तोवर भरवशाचं गिऱ्हाईक बांगलादेश बिथरलेलं. तिथला कांदा पिकवणारा मरू नये म्हणून ढाक्याने वर्षातला बराच काळ आयातीचे परवाने अडवून धरले. त्यांचे नेते जगाच्या भुकेबद्दल काय बोलतात, हे बाजार समितीच्या आवारात कुणाला ठाऊक नव्हतं. ढाका परवाने कधी सोडणार, एवढीच चौकशी होती.