आमचे बुणगे

मिस्त्रीने आमच्या ईको व्हॅनच्या मागच्या दारातून आत डोकं घातलं, टेप लावला, दोनदा ‘हूँ’ केलं आणि विचारलं, “सर जी, हेडबोर्ड कितना ऊँचा रखना है?”

इथेच मी ‘राहू दे’ म्हणायला हवं होतं. पण मी म्हणालो, “एक फूट.”

मिस्त्री भंगेलचा. नोएडातल्या टॉवरांमध्ये मॉड्युलर किचन बसवण्यात त्याची अर्धी हयात गेलेली. त्याच्या लेखी आमची गाडी म्हणजे बिल्डरने जरा जास्तच मारलेला वन आरके. ३६७५ मिलिमीटर लांबी आणि १४७५ मिलिमीटर रुंदी हा सुपर बिल्टअप. ड्रायव्हर, दारं आणि पुढच्या सीटखाली दडलेलं इंजिन वजा जाता कार्पेट एरिया उरतो एका गादीपुरता. माझाही हिशोब तोच होता, म्हणून तर आमचं जमलं.

तयार कॅराव्हॅन घ्यायची ऐपत नव्हती. जुनी डिझेल टेम्पो ट्रॅव्हलर स्वस्तात मिळत होती, पण मी शोधत होतो तेव्हा एनसीआरमध्ये डिझेल गाडीला १० वर्षांचं आणि पेट्रोलला १५ वर्षांचं आयुष्य नेमून दिलेलं होतं. नऊ वर्षांची डिझेल गाडी घेणं म्हणजे पत्रिकेत मृत्युयोग बघूनही लग्न ठरवणं. म्हणून पेट्रोलची, पांढरी, सेकंडहँड ईको. आमच्या सोसायटीत पांढरी ईको येते ती एकतर शाळेची असते नाहीतर रुग्णवाहिका. पहिल्याच सोमवारी सकाळी दप्तर अडकवलेली दोन पोरं सरकतं दार उघडून आत बसली. त्यातल्या एकाने मला उशीर झाल्याबद्दल झापलं.

कायद्याची आठवण चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त वकिलांनी करून दिली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, वर जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: कंपनीने ठरवलेल्या रचनेत परस्पर फेरफार चालत नाही. कायद्यात ‘मोटर कॅराव्हॅन’ असा वेगळा वर्ग आहे, पण त्याची मानकं आणि मंजुऱ्या आपल्या भंगेलच्या मिस्त्रीच्या आवाक्यातल्या नव्हेत. मग मी तोडगा काढला. पत्र्यात एकही भोक पाडायचं नाही, सीटला हात लावायचा नाही; सीटच्या वरून पाय टेकवून उभी राहतील आणि दहा मिनिटांत उचलून बाहेर ठेवता येतील अशी खोकी करायची. म्हणजे मी गाडीत बदल केलेला नाही, गाडीत फक्त सामान ठेवलं आहे. जर्मनीत वेस्टफालियावाल्यांनी १९५१ च्या सुमारास फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी असाच काढता-घालता येणारा संच केला होता, हेही मी वकीलसाहेबांना ऐकवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “मराठे, हेडबोर्ड भी सामान है?” (मी मराठे नाही. पण नोएडात महाराष्ट्रातला प्रत्येक माणूस मराठेच.)

कीर्तीनगरहून १८ एमएमचा प्लाय आला. आठ बाय चारची एक शीट तीसेक किलोची. अशा तीन. “बारह एमएम में मज़ा नहीं आता,” मिस्त्री म्हणाला. मजा यायला हवी हे मलाही पटलं.

मग वीज. इनव्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी नोएडाच्या घराघरांत असते, तशीच एक गाडीत ठेवली, पन्नासेक किलो. शिवाय १२ व्होल्टचा ४० लिटरचा फ्रिज, छतावर कॅरिअर, त्यावर सोलर पॅनेल, आणि आत इंडक्शन शेगडी. पार्किंगमध्ये उद्घाटनाचा चहा ठेवला. शेगडी २००० वर लावताच इनव्हर्टर किंचाळून बंद पडला. नववीचं विज्ञान तेव्हा आठवलं: वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर. २००० भागिले १२, म्हणजे १६६. एवढ्या प्रवाहाला अंगठ्याएवढी तार लागते. आमची होती करंगळीहून बारीक. मग ८०० वर लावून पाहिलं. सहा मिनिटांनी दूध कोमट होतं आणि तारेवर पापड भाजता आला असता. सुरक्षारक्षक बादली घेऊन शेजारी उभा राहिला. पाण्याची की वाळूची, हे मी बघितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात एका मॉलच्या तळघराशी गाठ पडली. ईकोची उंची १८२५ मिलिमीटर, आणि दांडीवर लिहिलेलं २.१ मीटर. आरामात जाणार. फक्त कॅरिअर, पॅनेल आणि पॅनेलवर आडवा बांधलेला पाण्याचा कॅन मी हिशोबात धरला नव्हता. कॅन गेला. दांडीला काही झालं नाही.

एव्हाना स्वयंपाकघराचा ताबा बायकोने घेतला होता. ती शाळेत इतिहास शिकवते. वर्गात पानिपत एका तासात उरकावं लागतं, उरलेलं ती घरी शिकवते. कुकर, मिसळणाचा डबा, खलबत्ता, पोळपाट-लाटणं, विळी आणि भाजणीची बरणी एवढं मी रचत असताना ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “अहो, भाऊसाहेबांचंही असंच झालं होतं. लढणारे थोडे आणि यात्रेकरू, बायकापोरं, बाजारबुणगेच फार. खायला घालता घालता फौज उपाशी.”

“मग खलबत्ता काढू?”

“खलबत्ता राहू दे. तुमचा फ्रिज काढा.”

काहीच निघालं नाही. पहिली सफर कुठे, हे मात्र त्याच वाक्याने ठरलं. १३ जानेवारीला दुपारी आम्ही निघालो. ईस्टर्न पेरिफेरलवर गाडी साठच्या वर जाईना. बागपतजवळ यमुना ओलांडताना बायको अचानक म्हणाली, “ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली इथेच कुठेतरी नदी उतरला. दोआबातून पलीकडे. भाऊ कुंजपुऱ्याकडे, आणि दिल्लीची वाट तुटली.”

“म्हणजे आपण अब्दालीच्या वाटेने चाललोय?”

“वाट त्याची,” ती मागे वळून बरण्यांकडे बघत म्हणाली, “सामान भाऊंचं.”

कुंडलीला हायवेवर आलो तोवर धुकं इतकं दाटलं की पुढच्या ट्रकचा ‘हॉर्न प्लीज’सुद्धा दिसेना. मुरथलला एका ढाब्यावर गाडी लावली. इंडक्शन आणि गॅस अशा दोन शेगड्या, कुकर आणि भाजणी घेऊन गेलेल्या आम्ही तिथे लोण्याचा गोळा ठेवलेले पराठे खाल्ले. थंडीत कोण भांडी घासणार?

झोपायची वेळ झाली तेव्हा कळलं की पलंगावर सामान आहे. ते पुढच्या सीटवर गेलं. पुढचं सामान डॅशबोर्डवर गेलं. खलबत्ता कुठेच मावेना, तो उशाशी घेतला. माझी उंची ५ फूट ९ इंच; हेडबोर्डने चार बोटं खाल्ल्यामुळे मी तिरका झोपलो आणि बायको माझ्या तिरकेपणाला समांतर. थंडी येऊ नये म्हणून काचा घट्ट लावल्या होत्या. पहाटे पाचला कपाळावर थेंब पडला. दोन माणसांचा रात्रभराचा श्वास छताच्या पत्र्याला लागून पाणी झाला होता आणि आता टपकत होता. कॅन मॉलमध्ये गमावल्याचं दुःख बायकोने एका वाक्यात मिटवलं: “बघा, पाण्याची सोय झाली.”

सकाळी पानिपतला पोचलो. १४ जानेवारीला तिथल्या काला अंब स्मारकाला महाराष्ट्रातून माणसं येतात. लोखंडी कठड्यातला तो विटांचा स्तंभ धुक्यात अर्धाच दिसत होता. आम्ही मागचं दार वर उचललं, त्याच्या आडोशाला गॅसची छोटी शेगडी पेटवून अखेर चहा केला. चहाच्या वासाने साताऱ्याकडचे एक आजोबा जवळ आले. खांद्याला शबनम, बाकी हात मोकळे. आम्ही तिळगूळ दिला. त्यांनी गाडीत वाकून पलंग पाहिला, बॅटरी पाहिली, फ्रिज, विळी, बरण्या, सगळं नीट पाहिलं.

“लई दिवस झालं जणू निघून?”

“काल दुपारी निघालो,” मी म्हणालो.

आजोबा काही बोलले नाहीत. तिळगूळ मात्र आणखी एक घेतला.

परत आल्यावर मिस्त्रीला बोलावून पलंग अर्धा कापला आणि फळ्या बारा एमएमच्या केल्या. मजा गेली, साठेक किलोही गेले. इनव्हर्टरची बॅटरी घरी लागली. आता गाडीत गादी आहे, गॅसची शेगडी आहे, एक पातेलं, दोन कप आणि काचेला फटीपुरती जाळी. खलबत्ताही आहे, त्यावर चर्चा होत नाही. मार्चमध्ये लॅन्सडाउनला जाऊन आलो, चढावर गाडी कुरकुरली नाही.

तर, १२ व्होल्टचा ४० लिटरचा फ्रिज विकणे आहे. एकच रात्र वापरलेला, तोही जानेवारीत, म्हणजे बंदच. सोबत छतावरचं सोलर पॅनेल आणि इंडक्शन शेगडी. येताना मोठी गाडी आणावी. एकत्र नेणाऱ्यास हेडबोर्ड फुकट.