बेमुदत उपोषणास बसलेल्या अजगरास

प्रति,
श्री. सिंघम, बॉल पायथन,
मु. काचपेटी, टीव्हीशेजारी, गारखेडा परिसर,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : आपले अन्नत्याग आंदोलन.

महोदय,

दिवाळीपासून आपण तोंडात उंदराची शेपटीही घेतलेली नाही, ही बाब खेदपूर्वक आपल्या निदर्शनास आणून देण्यात येत आहे. मराठवाड्याला उपोषणाचे अप्रूप नाही. पण आमच्याकडचे उपोषणकर्ते आधी निवेदन देतात, मांडव घालतात आणि मंत्री आले की मोसंबीचा रस घेऊन उठतात. आपण ना मागणी सांगितली, ना मुदत. नान खलियाच्या गावात येऊन पाहुण्याने ताटावरून असे तोंड फिरवावे?

आमच्या पुतण्याने आपल्यासाठी काय करायचे बाकी ठेवले आहे? आपल्याला करमावे म्हणून पेटी थेट हॉलमध्ये मांडली. आत लपायला आडोसा ठेवला नाही, कारण मग आल्यागेल्याला आपण दिसणार कसे! आपली भावकी म्हणे घाना-टोगोकडे उंदरांच्या बिळांत नाहीतर वारुळांत दिवस काढते आणि अंधार पडल्यावर बाहेर निघते. इथे दुपारी आपण पुतण्याच्या गळ्यात, चारला शेजारच्या पोरांच्या हातात आणि दिवेलागणीला रीलमध्ये. एवढी हौसमौज झाल्यावर कुणालाही कडकडून भूक लागेल. आपण मात्र वेटोळे घालून डोके आत खुपसता. नाव सिंघम, आणि हे धंदे!

हवामानाबाबतही आपला सूर तक्रारीचाच दिसतो. पेटीचे एक टोक 31-32 अंश हवे, दुसरे 26च्या आसपास, हवेत 60 टक्के ओलावा. राहणीमान उंची आहे. ज्या शहरात नळाला पाणी कोणत्या वारी येणार यावर घरात वाद होतात, तिथे आपल्यासाठी दमटपणा आणायचा कुठून? थंडीच्या रात्री फरशीवरची ती पेटी गारठते हे खरे. गारठलेल्या अजगराला गिळलेला उंदीर पचत नाही, तो ओकून टाकावा लागतो. आपण आधीच नकार देऊन वहिनींचा गालिचा वाचवला, याची नोंद घेतली आहे.

घरातले उपायही आपण धुडकावून लावलेत. आजींनी वाटीभर दूध ठेवले. दूध आपल्याला पचत नाही; नागपंचमीला गारुड्याचा नाग पितो तो तहानेने, कारण त्याला आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेले असते. हे आजींना सांगण्याचे धाडस घरात कुणाला झाले नाही. मग पुतण्याने जिवंत उंदीर सोडला आणि स्वतः क्रिकेट बघत बसला. पेटीत राहिलेला भुकेला उंदीर सापालाच कुरतडतो, हे त्याला आपल्या पाठीवरच्या जखमेवरून समजले. त्या आठवड्यात आपले डोळेही दुधाळ झाले होते. कात टाकायच्या बेतात असलेला साप सहसा जेवत नाही, पण आमच्याकडे त्याचा अर्थ ‘नखरे’ असा लावण्यात आला.

आपल्या कागदपत्रांचा प्रश्न निराळाच. आपल्यासारखा परदेशी साप पाळायचा तर केंद्राच्या फेब्रुवारी 2024च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. पुतण्याकडे आहे विक्रेत्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा. या बिनकागदी कारभारासाठी हजारो रुपये गेले. तिकडे हर्सूलकडच्या शेतांत धामण उंदरांवर ताव मारते, तिला ना हीटर लागतो ना टीव्ही. तिला उचलून घरी आणायचे तर 1972चा वन्यजीव कायदा आडवा येतो. तो नसता, तर आमच्या पुतण्याने तिलाही उपाशी बसवून दाखवले असते.

सबब, पुढीलप्रमाणे तडजोड प्रस्तावित आहे. पेटी आतल्या खोलीत हलवली जाईल. उबेच्या आणि गारव्याच्या अशा दोन्ही बाजूंना एकेक आडोसा येईल. दोन आठवडे आपल्याला कुणी हात लावणार नाही. मग एका रात्री दिवे मालवून, आपल्या अंगाच्या जाडीएवढा मेलेला उंदीर कोमट करून लांब चिमट्याने पुढे केला जाईल. ओठांवरच्या खळग्यांनी आपल्याला ऊब कळते, म्हणून फ्रीजमधला गारढोण उंदीर येणार नाही. घेतलात तर ठीक, नाही तर सकाळी उचलला जाईल आणि पुन्हा आठवडाभर कुणी छळणार नाही. धडधाकट अजगर हिवाळ्यात महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो, एवढे आम्हालाही ठाऊक आहे. मात्र दर आठवड्याला वजन होईल. ते दहा टक्क्यांहून अधिक घटले किंवा श्वासात घरघर आली, तर सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे आपली रवानगी होईल, पुतण्याच्या खर्चाने. जेवलात तर पुढचे 48 तास पेटीचे झाकण उघडले जाणार नाही. पुतण्याचा मोबाइल तेवढा वेळ माझ्या कपाटात राहील.

वरील अटी मान्य असल्यास वेगळे उत्तर देण्याची गरज नाही. पेटीत यथावकाश विष्ठा आढळल्यास तीच पोच समजण्यात येईल.

आपला,
पुतण्याचा काका (वरचा मजला)