लावली तेव्हा चालू होती

जुनी स्पोर्ट्स कार विकायला काढलेल्या इंग्रजाच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास सापडतं : ‘लावली तेव्हा चालू होती.’ हे वाक्य शंभर टक्के खरं असतं. चालू नसती तर कोठारात आली कशी असती? कधी लावली, एवढंच त्यात नसतं. तीस वर्षांपूर्वी लावली असेल, तर मधल्या काळात मालकाची तीन पंतप्रधानांवरची श्रद्धा उडाली, गाडीवरची मात्र टिकली, असं समजावं आणि भाव पाडून मागावा.

प्रस्तुत मार्गदर्शन इंग्लंडात नोकरीनिमित्त गेलेल्या, तिथेच राहिलेल्या, घराचं कर्ज फिटलेल्या आणि रिकाम्या गॅरेजकडे बघून हळव्या होणाऱ्या मराठी माणसासाठी आहे. इतरांनीही वाचायला हरकत नाही. गाडी घेऊ नये, इतकंच.

गाडी कुठली घ्यावी? एमजीबी. दोन आसनी, उघड्या टपाची, १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनमध्ये पाच लाखांहून जास्त बनली. म्हणजे सुटे भाग मिळतात, आणि ‘दुर्मीळ आहे’ असं सांगून कोणी तुम्हाला लुटू शकत नाही. त्यातही क्रोमच्या बंपरची घ्यावी. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांपायी १९७४च्या अखेरीस तिला काळे रबरी बंपर आले आणि तिची उंचीही वाढवली, त्याबद्दल जाणकार अजून सुतक पाळतात. आपण १९६६ची धरून चालू.

घरच्यांना पटवण्यासाठी एक मुद्दा हाताशी असू द्या. हिचं १७९८ सीसीचं इंजिन ‘बी सीरिज’ घराण्यातलं आहे आणि आपल्या अँबॅसेडरचं १४८९ सीसीचं इंजिनही त्याच घराण्यातलं. एमजीमधला ‘एम’ मॉरिसचा, आणि अँबॅसेडर म्हणजे तरी कोण, मॉरिस ऑक्सफर्डच. तेव्हा तुम्ही परक्याची गाडी आणत नसून मामाच्या मुलीला घरी आणत आहात. हा मुद्दा भारतात फोन करण्याआधी पाठ करावा, कारण संभाषण साधारण असं होतं :

“बाबा, एमजी घेतली.”

“हेक्टर का रे? इथे शेजारच्यांनी घेतली परवा. छान आहे, मोठी आहे.”

“नाही बाबा, सहासष्टची आहे.”

“काय, सहासष्ट हजार पौंड?”

“साल, बाबा. एकोणीसशे सहासष्ट.”

“अरे, नवी देत नव्हते का?”

गाडी दारात उतरली, की पहिली पायरी म्हणजे काही न करणं. हीच सर्वांत अवघड आहे. हातात किल्ली असते, शेजारचे निवृत्त गृहस्थ कुंपणावरून बघत असतात, बॅटरी जोडून ‘एकदाच मारून बघू’ असं मन म्हणत असतं. मारू नका. मशीन पळून जितकं झिजतं, त्याहून वाईट उभं राहून बिघडतं. सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल कधीच खाली ओघळून गेलेलं असतं आणि पिस्टनच्या रिंगा तिथे गंजाने चिकटलेल्या असतात. अशा वेळी स्टार्टर मारलात तर रिंग तुटते, सिलिंडरला चरे पडतात आणि हजार पौंडांचं काम पाच सेकंदांत उभं राहतं. चारही प्लग काढा. भोकांतून थोडं थोडं पातळ ऑइल सोडा. आठवडाभर विसरून जा. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हाताने इंचभर पुढे, इंचभर मागे ढकला. इंजिन फिरलं तर देवाला हात जोडा. नाही फिरलं तर पुन्हा ऑइल, पुन्हा आठवडा. शेजारच्या गृहस्थांना या काळात चहा द्यावा. त्यांच्या तरुणपणी त्यांच्याकडे हीच गाडी होती, ती त्यांनी विकली, आणि त्याचं दुःख तुम्हाला ऐकून घ्यावं लागणारच आहे. चहाबरोबर ते जरा सुसह्य होतं.

दरम्यान टाकीतलं पेट्रोल काढा. त्याला वार्निशसारखा वास येतो आणि ते जवळजवळ वार्निशच झालेलं असतं. नवं भरताना पंपावर नळी नीट निवडा. इंग्लंडात साधं पेट्रोल २०२१पासून ई-१० म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या खाऊन टाकतं. महागडं ई-५ घ्या आणि नळ्याही बदला. शिवाय हे इंजिन शिशाच्या पेट्रोलवर वाढलेलं आहे. ते २०००पासून पंपावरून गेलं. मधल्या कोणा मालकाने हेडचे व्हॉल्व्ह सीट कडक धातूचे बसवले नसतील, तर शिशाऐवजी पेट्रोलमध्ये घालायच्या मिश्रणाची बाटली डिकीत बाळगावी.

आता पत्रा. इथे घाई करणाऱ्यांची संख्या मोठी आणि बँकेतली शिल्लक लहान होत जाते. एमजीबीला वेगळी चासी नाही. दरवाज्याखालच्या पोकळ पट्ट्या, ज्यांना तिथे सिल म्हणतात, त्याच गाडीचा कणा आहेत. नेमक्या त्याच आतून गंजतात, आणि विकणारा त्यावर पुट्टी भरून, रंग मारून, पावसाळी दिवशी फोटो काढतो. गाडी बघायला जातानाच खिशात चुंबक घेऊन जा. जिथे चिकटत नाही, तिथे पत्रा नाही, आशा आहे. मग दरवाजा उघडा ठेवून बाजूने जॅक लावा आणि दरवाजा बंद करून बघा. बंद होईना, तर गाडी मधोमध वाकते आहे. सिल कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत लोखंडी दांडा वेल्ड करून आधार द्यावा, नाहीतर जुना पत्रा सुटताच गाडी मिटते आणि नवा पत्रा त्या मिटलेल्या अवस्थेत कायमचा बसतो. अशा गाडीचे दरवाजे पुढे आयुष्यभर फक्त एका विशिष्ट वाऱ्याला लागतात.

सगळंच कुजलं असेल तर १९८८पासून मूळ कारखान्याच्या साच्यांवर ठोकलेली अख्खी नवी बॉडी विकत मिळते. नवी बॉडी, दुरुस्त इंजिन, नव्या तारा, नवं हूड. मग जुनं काय उरलं, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला नंबर प्लेट दाखवावी.

तारांबद्दल बोलावंच लागेल. १९६६च्या गाडीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, ऋण नव्हे. हे तुम्ही वाचलं आहे, तुमच्या मोबाइलच्या चार्जरने वाचलेलं नाही. बॅटऱ्याही दोन, सहा-सहा व्होल्टच्या, आसनांच्या मागे जमिनीत पुरलेल्या. तिथून आम्ल गळून खालचा पत्रा खाल्लेला नसेल, तर तुमच्या आधीच्या मालकाचं भलं होवो. दिवे लुकास कंपनीचे. तिच्या जोसेफ लुकासना गाडीवाल्यांनी विनोदाने ‘अंधाराचा राजपुत्र’ अशी पदवी दिली आहे. न्याय करायचा तर दोष बहुतेक वेळा अर्थिंगच्या गंजलेल्या जोडांचा असतो. प्रत्येक जोड सँडपेपरने घासून चकचकीत करा. निम्मे भुताटकीचे प्रकार त्यातच मिटतात.

चावी फिरवली की मागून टिक-टिक-टिक असा आवाज यायला हवा. तो इलेक्ट्रिक पेट्रोल पंप. कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की तो मंदावतो. आवाज आलाच नाही, तर मागच्या उजव्या चाकाच्या पुढे बुडाखाली शिरून पंपाला पान्ह्याने हलकी टपली मारावी. हे अधिकृत मार्गदर्शनात नसतं, पण ज्याने एकदाही टपली मारलेली नाही असा एमजीबीवाला शोधून सापडायचा नाही. टिकटिक थांबतच नसेल, तर पेट्रोल कुठेतरी जमिनीवर जात आहे. सिगारेट ओढणाऱ्या पाहुण्यांना दिवाणखान्यात बसवा.

दोन एसयू कार्ब्युरेटर डोक्यावर छोटे घुमट घेऊन बसलेले असतात. घुमटाची टोपी काढून आत पातळ ऑइल घाला, हे लोक विसरतात. मग आतला पिस्टन बोटाने वर उचलून सोडा. ‘टक्’ असा आवाज करत खाली आला पाहिजे. रेंगाळत आला, तर साफसफाई राहिली आहे.

आणि इतकं झाल्यावरही गाडी सुरू करू नका. आधी तिला थांबायला शिकवा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे आतले सिलिंडर गंजून धरलेले असतात. सगळे बदला, ऑइल बदला, रबरी नळ्या बदला. इथे कंजूषपणा करणाऱ्याला विमा कंपनी आणि सासुरवाडी दोघीही माफ करत नाहीत. टायरच्या बाजूला तारखेचे चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. तीनच आकडे असले तर तो टायर गेल्या शतकातला. नक्षी कितीही शाबूत असो, फेकून द्या.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला इंग्लंडात वार्षिक तपासणी बंधनकारक नाही. म्हणजे सरकारने तुमच्या वेल्डिंगवर विश्वास टाकला आहे. तुम्ही टाकू नका. स्वखर्चाने तपासणी करून घ्या.

सुरू होईल. बहुधा रविवारी संध्याकाळी, जेवण वाढल्यावर. निळा धूर निघेल, तो तुम्हीच ओतलेल्या ऑइलचा, थांबतो. डॅशबोर्डवरच्या घड्याळात ऑइलचं प्रेशर चढलं, की मग हसावं. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, तेव्हा गाडी पूर्ण थांबल्याशिवाय त्यात टाकू नये. नाहीतर गिअरबॉक्स ज्या भाषेत बोलतो ती शेजारच्या गृहस्थांना चांगली कळते.

मग मे ते ऑक्टोबर उपभोग. पाऊस लागला तर हूड चढवायला खाली उतरावं, तोवर पाऊस थांबतो. नोव्हेंबरात रस्त्यांवर मीठ टाकायला सुरुवात झाली, की गाडी आत. टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत ओल धरत नाही, टायरांत हवा जरा जास्त, बॅटऱ्या काढून घरात. हँडब्रेक लावू नका, धरून बसतो. चाकांना विटा लावा. क्लचचा पेडल दाबून लाकडाच्या तुकड्याने तसाच अडकवा, म्हणजे प्लेट चिकटणार नाही. आणि लाकूड लावलं आहे अशी चिठ्ठी लिहून स्टिअरिंगला बांधा. ती मराठीत लिहू नका. मेकॅनिक येतो तो वुल्व्हरहॅम्प्टनचा असतो.