कोरड्या नाकाची वारणावारी

मी विमानानं फिरतो म्हणजे मोठा माणूस झालो, असं माझ्या आईला वाटतं. वस्तुस्थिती अशी की मी राहतो पुण्यात, माझा पगार निघतो बेंगळुरूहून आणि तो ज्यांच्या खिशातून येतो ते बसतात दिल्लीत. या तिघांची सारखी गाठ घालून द्यायची, हे माझं काम. त्यातले कष्ट मात्र एकट्या नाकाला पडतात. बाकीचा देह विमानात झोपतो, खातो, कोपराच्या जागेवरून शेजाऱ्याशी भांडतो. नाक तेवढं आतून सुकत, तडकत, खपल्या धरत बसलेलं असतं. विमान उतरायला लागलं की गालात आणि भुवयांमागे ठणका सुरू होतो. चेहऱ्याच्या हाडांत पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांची दारं सुजून बंद झालेली असली की बाहेरचा वाढता दाब आत पोचत नाही आणि आठही खोल्यांतून आरडाओरडा होतो.

नाक आमच्याकडे मोठं आहे. ते मला आजोळकडून मिळालं. इतरांना आजोळकडून जमीन मिळते.

जानेवारीत या नाकाला त्याच्या मूळ गावी, वारणानगरला, न्यायचा योग आला. मामेभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. दिल्लीहून बेंगळुरू आणि बेंगळुरूहून कोल्हापूर असा उलटा द्राविडी प्राणायाम करत, त्यातला प्राणायाम तोंडानं करत, मी उजळाईवाडीला उतरलो. हा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ सालचा. त्या वेळची बहुतेक विमानं खालूनच उडायची आणि आतली हवा बाहेरच्या हवेहून फारशी वेगळी नसायची. इतिहासकारांनी त्या प्रवाशांच्या नाकांबद्दल काही लिहिलेलं नाही, यावरून ती शाबूत राहिली असावीत.

हायवेनं वाठार, वाठारला डावीकडे, आणि मग उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागं मुंगीच्या पावलांनी वारणानगर. गळीत हंगाम ऐन भरात होता. गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "मळीचा वास आला बघा, आलं वारणा." मला वास आला नाही. मी पाटी वाचून ओळखलं.

मामा दारातच उभे होते.

"काय रं, नाकातनं बोलालास?"

"विमानानं आलो, मामा."

"मग? इमानात नाक काढून घेत्यात काय?"

मामांनी उभी हयात साखर कारखान्यात पॅनमन म्हणून काढली. पॅन म्हणजे रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरायचं अजस्र बंद भांडं. आतला दाब कमी ठेवलेला असतो, त्यामुळे पाक साठ-सत्तर अंशांनाच उकळतो आणि साखर करपत नाही. जगातल्या कुठल्याही गोष्टीतून पाणी कसं जातं, हा मामांचा प्रांत. चहा यायच्या आत त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली.

"वर दाब किती ठेवत्यात?"

मी सांगितलं, विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आत सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा.

"म्हंजे व्हॅक्यूम हाय, पर लई न्हाई. आन् बाहीर थंडी?"

"उणे पन्नासच्या आसपास."

मामांनी कपाळाला हात लावला. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांनीच मला सांगितलं. एवढ्या थंड हवेत बाष्प मावतच नाही. ती कोरडीठाक हवा आत घ्यायची, माणसाला सोसेल इतपत ऊबदार करायची, की तिची तहान आणखी वाढते. लांबच्या प्रवासात विमानातली आर्द्रता दहा-वीस टक्क्यांवर येते ती अशी. जी थोडीफार ओल उरते ती आपणच उच्छ्वासातून सोडलेली. वेगळं पाणी सोडायचं तर त्याचं वजन वाहावं लागतं, आणि ते गार पत्र्यावर दव होऊन साचतं व धातू खातं. बोईंग ७८७चं अंग कार्बन फायबरचं आहे, त्याला गंजायची भीती नाही, म्हणून तिथं हवा जराशी ओली ठेवतात. पण असलं विमान माझ्या वाट्याला येत नाही. माझ्या वाट्याला येतो तो बोटभर पाण्याचा कागदी पेला, तोही दोनदा मागितल्यावर, आणि देणारीच्या चेहऱ्यावर असा भाव की मी विहीर मागितली.

"म्हंजे तू पॅनमधी बसून फिरालायस," मामांनी निकाल दिला. "तुझ्या नाकाची साखर झालीया."

रात्री साऱ्या आळीनं उपचार सुचवले. मामींनी गाईच्या तुपाचे दोन थेंब सांगितले. आत्यानं ओव्याची पुरचुंडी हुंगायला दिली. मामेभावानं मेन्थॉलची कांडी आणली. ती ओढली की नाक मोकळं झाल्याचा भास होतो, ओल मात्र थेंबभर येत नाही. शेजारचे काका म्हणाले, तांबडा रस्सा प्या, सगळं वाहून जाईल. प्यालो. डोळे वाहिले, नाक वाहिलं, आणि तासाभरात वाळवंट जागच्या जागी.

आता साखरपुडा.

मला ताट धरायचं काम दिलं होतं. घरात मोठं कोणी रिकामं नव्हतं म्हणून. ताटात साखरेचा पुडा: शुभ्र, शंकूच्या आकाराचा, टिकल्या लावलेला आणि माझ्या हनुवटीला टेकेल इतका उंच. डोक्याला कोल्हापुरी फेटा, अंगात पांढरा शर्ट. मुलाकडची मंडळी इस्लामपूरची, माणसं तोलामोलाची, पहिल्या तीन रांगा भरून बसलेली. भटजींच्या गळ्यात माइक. फोटोवाला माझ्याकडे बघून ओरडला, "काका, आता अजिबात हलायचं नाही."

त्याच क्षणी डाव्या नाकपुडीत काहीतरी ऊबदार सरकलं. ज्या नाकात कित्येक दिवस ओल फिरकली नव्हती तिथं ती आली, म्हणून आधी मला आनंदच झाला. मग कळलं की ओल लाल आहे.

दोन्ही हात ताटाला. खिशात रुमाल, म्हणजे परदेशात. मी हळूच मान मागं टाकली. समोरून ते वेगळं दिसलं असणार, कारण मुलाच्या आत्याबाई शेजारणीला म्हणाल्या, "पोरीकडचं पावणं लई नाक वर करून उभं हाईत." मान मागं टाकली की रक्त घशात उतरतं. ते उतरत असतानाच भटजींनी वळून माइकवरून विचारलं, "गोत्र?" मी जो आवाज काढला त्या गोत्राची नोंद कुठल्याही ग्रंथात नाही. भटजींनी "काश्यप" म्हणून वेळ मारून नेली. बोलता यावं म्हणून मी मान सरळ केली आणि थेंब पडला. पुड्याच्या बरोबर शेंड्यावर.

हॉल गप्प.

पहिली भानावर आली ती माझी आत्या. "अगं बाई, कुंकू सांडलं! शुभ हाय!" असं म्हणत तिनं करंड्यातलं चिमूटभर खरं कुंकू त्याच जागी लावून टाकलं. समोरच्या रांगा सैलावल्या. तेवढ्यात एक पोरगं बोट दाखवून म्हणालं, "मग काकाच्या मिशीला काय लागलंय?"

"त्येबी कुंकूच," आत्या म्हणाली. पण मिशीवरचं कुंकू शर्टावर धावायला लागलं होतं.

"घोळणा फुटला!" कुणीतरी ओरडलं आणि अख्खा मांडव व्यासपीठावर चढला. माझ्या हातातलं ताट गेलं. मला सतरंजीवर चीत केलं. एकानं बुक्कीनं कांदा फोडून नाकाला लावला. दुसऱ्यानं कळशीभर गार पाणी फेट्यावर ओतलं. फेटा एवढं पाणी पितो हे मला माहीत नव्हतं. त्याचं वजन वाढत गेलं तशी माझी मान जमिनीत रुतत गेली. भटजींनी पूजेतल्या दूर्वा चुरगाळायला घेतल्या, रस नाकात पिळायचा म्हणून. मुलाकडचे एक वस्ताद पुढं झाले, म्हणाले, डावी नाकपुडी असली की उजवा हात वर करायचा, आणि त्यांनी तो केला. तो हात नंतर चार दिवस खाली आला तरी माझा वाटत नव्हता. या सगळ्या गडबडीत घोळणा वाहतच होता, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

"सगळे बाजूला व्हा."

आवाज नवरीचा. पोरगी नर्सिंग शिकलेली. शालू सावरत ती खाली बसली, मला धरून बसतं केलं आणि पुढं वाकवलं.

"मान मागं टाकायची नाही, काका. रक्त पोटात जातं, मग उलटी होते." असं म्हणून तिनं माझं नाक चिमटीत धरलं. हाडावर नाही, खालच्या मऊ भागावर. "तोंडानं श्वास घ्या. दहा मिनिटं. मधे सोडून बघायचं नाही." मग घड्याळ दाखवून नवऱ्या मुलाला म्हणाली, "तुम्ही वेळ लावा." तो बिचारा एका हातात घड्याळ आणि दुसऱ्यात माझ्या हनुवटीखाली स्टीलचं पातेलं धरून उभा राहिला. गळ्यात हार तसाच.

वस्ताद काही बोलायला गेले, तर तिनं त्यांनाही शिकवलं. नाकाच्या मधल्या पडद्यावर, पुढच्या बाजूला, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. बहुतेक घोळणे तिथलेच. हवा कोरडी असली की वरची नाजूक त्वचा तडकते आणि एवढ्याशा निमित्तानं फुटते. नाक आत येणारी हवा ऊबदार आणि ओली करून फुप्फुसाला देतं, त्यासाठी दिवसभर शेंबूड तयार करतं. आतले बारीक केस तो शेंबूड घशाकडे ढकलत असतात, तो आटला की तेही थकतात. वीसेक मिनिटं दाबूनही थांबलं नाही, किंवा माणूस रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असला, तर सरळ दवाखाना. तीनशे माणसांपुढं, माइक चालू असताना, पोरीनं शेंबडावर व्याख्यान दिलं. आणि इस्लामपूरकर मन लावून ऐकत होते.

दहा मिनिटं फार मोठी असतात. मेंदीचा हात माझ्या नाकावर, बांगड्या कानाशी. ही लहान असताना मे महिन्यात आम्ही सगळे इथं जमायचो. बारा महिने हिचं नाक गळायचं आणि ही कुणाला हात लावू द्यायची नाही, फक्त मला. मी रुमाल धरून "शिंकर" म्हणायचो, ती सगळा जीव एकवटून शिंकरायची आणि मग जग जिंकून पळायची. आता तिनं वाकून, माइकला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "काका, एवढं का फिरता हो? किती वाळलाय." नाक चिमटीत असल्यामुळे मला "पगार" म्हणता आलं नाही. जे निघालं त्यावर दोघंही हसलो, आणि तिनं चिमटी आणखी घट्ट केली.

नवरा मुलगा "झाली" म्हणाला. रक्त थांबलं होतं. टाळ्या पडल्या. मुलाची आई उठून म्हणाली, "पोरगी आमच्या घरात पायजेच." मग अंगठ्या घातल्या गेल्या. अल्बमचं पहिलं पान मात्र ठरून गेलं आहे: वधू काकाचं नाक धरून, वर पातेलं धरून.

पुढचे दोन दिवस मी तिच्या हुकमात. वाफ नाही, गरमागरम चहा नाही, वाकून ओझं उचलणं नाही, नाकात बोट तर नाहीच. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, या प्रमाणानं नाक धुवायचं. नळाचं कच्चं पाणी नाकात घालायचं नाही. ते नाकावाटे गेलं तर क्वचित त्यातल्या अमिबाचा मेंदूपर्यंत जीवघेणा संसर्ग होतो. विमानात सलाइनचा साधा फवारा आणि तोंडावर मास्क, म्हणजे आपल्या श्वासातली ओल आपल्यालाच परत. या दोन दिवसांत वारणानगर पाहिलं ते असं: तात्यासाहेब कोऱ्यांनी माळावर उभा केलेला कारखाना, दूध संघ, बझार, मुलांचा वाद्यवृंद, आणि भोवतालच्या सत्तर गावांत १९९८ साली, पुण्यात माझ्या घरी संगणक यायच्या आधी, पोचलेले संगणक. जोतिबाचा डोंगर लांबून. पन्हाळा मान वर करावी लागते म्हणून नाही.

तिसऱ्या दिवशी परवानगी मिळाली आणि मामा मला गुऱ्हाळावर घेऊन गेले. काहिलीपासून दहा हात लांब उभं राहायचं, या अटीवर. चुलवाणात चिपाडं ढकलली जात होती. काहिलीत रस उकळत होता, त्यात भेंडीचं चिकट पाणी टाकून मळी वर आणत होते. उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते सगळं वाफ होऊन छपराला भिडत होतं आणि तिथून माझ्याकडे येत होतं. पाच-दहा मिनिटांत आतल्या खपल्या सैल झाल्या, एक दार उघडलं, मग दुसरं. आणि वास आला. गोड, दाट, किंचित धुरकट.

मामा काहिलीकडे बघत होते. "कसा येतोय वास? करपट न्हाई न्हवं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मला येत न्हाई," ते म्हणाले. "कोरोनात गेला, त्यो परत आलाच न्हाई. तुझ्या मामीला सांगू नगंस, भाजी करपली तरी मी चांगली झालीया म्हंतो."

पॅनवर असताना अंगठा आणि बोटात पाकाची तार धरून, वास घेऊन दाण्याचा अंदाज सांगणारा माणूस. मी पुढं झालो, अट मोडून दोन हात, आणि नीट हुंगलं. आधी कच्च्या रसाचा येतो तो हिरवट वास गेलाय म्हणालो, आता भाजल्याचा आहे, करपट नाही, अजून नाही. मामांनी गुळव्याला हाक दिली, "उतरीव आता, भाचा म्हंतोय." गुळव्यानं त्याच्या हिशेबानंच काहील उतरवली, पण मामांना माझं नाक कामाला आलेलं आवडलं. माझं घराणं सुफळ झालं.

परतीचं तिकीट अर्थातच विमानाचं होतं. पिशवीत फवारा, मास्क आणि काकवीची बाटली. पुण्याला पोचतोय तोवर विहीणबाईंचा निरोप येऊन पडला. लग्न मे महिन्यात इस्लामपूरला. मानपानाबद्दल काही म्हणणं नाही. एकच अट: काकांच्या हातात ताट द्यायचं नाही. काकांनी पहिल्या रांगेत बसायचं, पुढं वाकून.

मामांनी खाली उत्तर धाडलं होतं, "मान्य. मांडवाशेजारी काहिलीची सोय आम्ही करतो."