बजेटचं सॉफ्टवेअर निवडणाऱ्या स्कोअरशीटला खुले पत्र

प्रति,
स्कोअरशीट,
निवड समिती, हेड ऑफिस

विषय : बजेट आणि फोरकास्टच्या सॉफ्टवेअरची तू केलेली तुलना

तुला 'प्रिय' म्हणून सुरुवात करत नाही. कंपनीचे कोट्यवधी रुपये कोणत्या सॉफ्टवेअरवर जाणार हे तू ठरवतेस. त्या निर्णयाखाली फायनान्सची माणसं पुढची पाच-सात वर्षं काढतात. तू मात्र सह्या झाल्या की खरेदी विभागाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतेस. ऑडिटर आमच्या प्रत्येक व्हाउचरचा जाब विचारतो, तुला कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

तुझी रीत मला पाठ आहे. डाव्या बाजूला दीड-दोनशे प्रश्न, वर ओरॅकल, एसएपी, आयबीएम, ॲनाप्लॅन, वनस्ट्रीम, वर्कडे अशी नावं. रोलिंग फोरकास्ट होतो का? होय. अनेक चलनं चालतात का? होय. बजेटची वेगवेगळी व्हर्जन ठेवता येतात का? होय. मंजुरीचा वर्कफ्लो आहे का? होय. बाजारात वर्षानुवर्षं टिकलेलं कुठलंही उत्पादन या प्रश्नांना 'नाही' म्हणणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तरी तू तेच विचारतेस, आणि मग एकाला ८७.४ आणि दुसऱ्याला ८६.९ गुण देऊन मोकळी होतेस. त्या अर्ध्या गुणावर पाच वर्षांचा करार होतो.

तुझ्या 'होय'चे चार प्रकार असतात. एक, ही सोय आज उत्पादनात आहे. दोन, सेटिंग केली की मिळेल. तीन, वेगळा कोड लिहून घ्यावा लागेल. चार, पुढच्या रिलीजमध्ये येणार आहे. यातलं पहिलं उत्तर आणि तिसरं उत्तर यांच्यात कित्येक महिन्यांचं काम आणि सल्लागारांची लांबलचक बिलं असतात. तू दोन्हींना पाचपैकी पाच देतेस. या तिसऱ्या 'होय'ची किंमत किती असते ते इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या महापालिकेला विचार. एप्रिल २०२२ मध्ये ती जुन्या एसएपीवरून ओरॅकलच्या नव्या यंत्रणेवर गेली. यंत्रणा आहे तशी वापरण्याऐवजी तिच्यात आपल्या सवयीप्रमाणे फेरफार करून घेतले. बँकेचं रिकन्सिलिएशन करणारा भागच नीट चालेना आणि हिशेब वेळेवर पूर्ण होईनात. तेच उत्पादन जगात इतरत्र चालतंच आहे. प्रश्न 'आहे का' हा नव्हताच, 'आमच्या कामाला आहे तसं पुरेल का' हा होता. तो प्रश्न तुझ्याकडे नसतो.

खरा फरक कुठे असतो तो सांगते, कारण तुझ्या दोनशे ओळींत तो कधी आलेला मी पाहिलेला नाही. तो असतो इंजिनमध्ये, म्हणजे आकडे आत कसे साठवले जातात आणि बेरजा कशा होतात यात.

चाकणमधला एखादा ऑटो-कॉम्पोनंटचा कारखाना धर. दोन हजार पार्ट, साठ ग्राहक, छत्तीस महिने. गुणाकार केला की ४३ लाख २० हजार सेल होतात. संख्या, दर, स्टील, मजुरी, वाहतूक अशा वीस ओळी घेतल्या की ८ कोटी ६४ लाख. पण प्रत्येक पार्ट एकाच ग्राहकाला जात असेल तर खरे भरलेले सेल फक्त १४ लाख ४० हजार. साठातले एकोणसाठ रिकामे. ॲनाप्लॅनचं मूळ इंजिन रिकाम्या सेललाही जागा देतं, आणि तिथे जागा म्हणजे पैसे. त्याच कंपनीनं नंतर आणलेलं पोलारिस इंजिन अशा विरळ आकड्यांसाठीच आहे. म्हणजे विचारायचं हे की आमचं मॉडेल कोणत्या इंजिनवर बांधणार, ते किती जागा खाईल आणि नूतनीकरणाच्या वेळी त्याचे किती लावणार. तू विचारतेस, 'मॉडेलिंग लवचीक आहे का?'

आयबीएमच्या प्लॅनिंग ॲनालिटिक्सच्या पोटात टीएम१ आहे, १९८० च्या दशकातलं. रिकाम्या सेलच्या बाबतीत ते मुळातच हुशार आहे, ते रिकाम्या घरांवरून उडी मारून पुढे जातं. पण त्यासाठी कोणत्या सेलमध्ये सूत्रानं आकडा येणार हे 'फीडर' लिहून सांगावं लागतं. फीडर राहून गेला तर सुटा आकडा बरोबर दिसतो, पण तो एकूण बेरजेत येत नाही. कुठलाही इशारा नाही, लाल अक्षर नाही. तो फीडर लिहिणारा माणूस तुमच्याकडे आहे का, तो सोडून गेला तर दुसरा कुठून आणणार, याचे किती गुण ठेवले होतेस?

ओरॅकलच्या प्लॅनिंगखाली एसबेस आहे. तिथे कोणतं परिमाण 'डेन्स' म्हणजे दाट आणि कोणतं 'स्पार्स' म्हणजे विरळ ठेवायचं हा निर्णय चुकला तर मिनिटांचं कॅल्क्युलेशन तासांवर जातं. वनस्ट्रीमचं बळ एकाच जागी कन्सॉलिडेशन आणि प्लॅनिंग करण्यात आहे. ज्या समूहाच्या पाच देशांत उपकंपन्या आहेत त्याला ते सोन्यासारखं, ज्याचा एकच कारखाना आहे त्याला तो बोजा. वर्कडे ॲडॅप्टिव्हमध्ये मनुष्यबळ आणि खर्चाचं नियोजन फायनान्सचा माणूस स्वतः सांभाळू शकतो. व्हेनासारखी उत्पादनं एक्सेलचाच चेहरा ठेवून मागे डेटाबेस लावतात. ज्याचं सगळं आधीच एसएपीवर आहे त्याला एसएपी ॲनालिटिक्स क्लाउडमध्ये डेटा आणणं सोपं पडतं. यातलं कुठलंच उत्पादन वाईट नाही. प्रत्येक कुणाच्या तरी कामाचं आहे. 'कुणाच्या' हा प्रश्न गाळून तू त्यांना एका रांगेत उभं करतेस आणि पहिला नंबर काढतेस. तुझा सगळ्यात मोठा गुन्हा हाच.

आता तुझ्या प्रश्नांकडे येते. ते कुठून येतात? बऱ्याचदा एखाद्या विक्रेत्यानं 'मदत म्हणून' दिलेल्या नमुन्यातून. ही खोड जुनी आहे. १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसचा पाया घालणारे आणि १९८१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळवणारे ई. एफ. कॉड यांनी १९९३ मध्ये बहुमितीय विश्लेषणासाठी, ज्याला ओलॅप म्हणतात त्यासाठी, बारा नियम मांडले. नियम छान वाटत होते. पुढे उघड झालं की त्या कामासाठी पैसे एसबेस बनवणाऱ्या आर्बर सॉफ्टवेअरनं दिले होते, आणि एसबेस त्या नियमांत नेमकं बसत होतं. तो लेख छापणाऱ्या 'कॉम्प्युटरवर्ल्ड'नं तो मागे घेतला. कॉडसारख्या माणसाची यादीसुद्धा जर विक्रेत्याच्या मापानं शिवली जाऊ शकते, तर तुझ्या दोनशे ओळी कुणी लिहिल्या हे विचारणं माझा हक्क आहे. दर प्रश्नापुढे तो लिहिणाऱ्याचं नाव का नसतं?

मालकीबद्दलही तू मुकी आहेस. २००७ हे एकच वर्ष बघ. ओरॅकलनं ३.३ अब्ज डॉलरना हायपेरियन घेतली, एसएपीनं आउटलुकसॉफ्ट घेतली, कॉग्नॉसनं टीएम१ची मालक ॲप्लिक्स घेतली आणि त्याच वर्षाच्या शेवटी आयबीएमनं कॉग्नॉसच घ्यायचं जाहीर केलं. पुढे २०१८ मध्ये वर्कडेनं ॲडॅप्टिव्ह घेतली, २०२२ मध्ये थोमा ब्राव्हो या गुंतवणूक कंपनीनं ॲनाप्लॅन घेतली. मालक बदलला की दर बदलतो, सपोर्टची माणसं बदलतात, उत्पादनाची दिशा बदलते. ग्राहकाला मात्र त्याच मॉडेलवर पुढचं बजेट करायचं असतं. म्हणून डेटाबरोबर आमची सूत्रं आणि नियम वाचता येतील अशा रूपात बाहेर काढता येतील का, हे आधी कळायला हवं. तुझ्याकडे ती ओळ नाही. 'मोबाइल ॲप आहे का' ही ओळ मात्र आहे, आणि तिचं वजन आंतरकंपनी व्यवहारांच्या एलिमिनेशनइतकंच आहे.

आणि तो डेमो! पडद्यावर विक्रीचा एक आकडा दहा टक्क्यांनी वाढतो, नफा-तोट्याचं पत्रक सरसर बदलतं, खोलीतली मोठी माणसं मान डोलावतात, तू भरभरून गुण टाकतेस. तो डेटा विक्रेत्याचा असतो, स्वच्छ, भोकं नसलेला. त्या खोलीत प्लांट अकाउंटंट नसतो.

तो काय करत असतो ते ऐक. बजेट भरायची शेवटची संध्याकाळ. ग्राहकाकडून नवं शेड्यूल आलेलं. ऑक्टोबरमध्ये मंजूर झालेली दरवाढ मागच्या एप्रिलपासून लागू, म्हणजे सहा महिन्यांची सप्लिमेंटरी इन्व्हॉइस निघणार. ती रक्कम कोणत्या महिन्यात धरायची? तो एक्सेलमध्ये यादी जुळवतो आणि अपलोड करतो. पार्ट नंबर ००४५१७ चा एक्सेलनं ४५१७ केलेला असतो. सॉफ्टवेअर ओळखत नाही, पूर्ण फाइल परत येते. शून्यं पुन्हा लावून तो दुसऱ्यांदा टाकतो, तेव्हा सगळ्या प्लांटची माणसं एकदम आत असल्यामुळे स्क्रीन फिरत राहते. वर आकडे मिलियनमध्ये दिसतात. संचालक लाख-कोटीत विचारतात, म्हणून मीटिंगसाठी तो परत एक्सेलमध्येच तक्ता करतो. मागच्या तारखेची दरवाढ, पुढची शून्यं, शेवटच्या संध्याकाळची गर्दी, लाख-कोटी यातलं काय विचारलं होतंस तू?

याचा शेवट मी एका कंपनीत आतून पाहिला आहे. सॉफ्टवेअर आलं, उद्घाटन झालं, आणि वर्षभरात सगळे जण बजेट एक्सेलमध्ये करून शेवटचा आकडा तेवढा सॉफ्टवेअरमध्ये चिकटवू लागले. दोन्हीकडे काम, आणि खरा आकडा कोणता यावर दर महिन्याला वाद. दोष दिला गेला माणसांना. 'यांना बदल नको असतो' म्हणाले. मला त्याचा आजही संताप येतो. त्या माणसांनी रविवार घालवून ते सॉफ्टवेअर शिकून घेतलं होतं. निवड चुकली होती, आणि ती तू केली होतीस.

यावर तू म्हणशील, मग एक्सेलवरच राहा. नाही राहणार. २००३ मध्ये कॅनडाच्या ट्रान्सअल्टा या वीज कंपनीनं स्प्रेडशीटमधल्या एका कट-पेस्टच्या चुकीत २.४ कोटी डॉलर घालवले. बोलीच्या ओळी जागच्या हलल्या आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. कुणी, कधी, कोणता आकडा बदलला हे कळलंच पाहिजे, म्हणूनच आम्हाला चांगलं सॉफ्टवेअर हवं आहे. हवं आहे म्हणूनच तुझ्याशी भांडते आहे.

आमच्या मागण्या लिहून घे.

पहिली, डेमो आमच्या डेटावर. मागच्या वर्षाचं बजेट, आमचा घाणेरडा पार्ट मास्टर, आमची मागच्या तारखेची दरवाढ. दोन प्लांट पुरेत, पण त्यातला एक सगळ्यात अवघड असला पाहिजे. त्यातून निघालेले प्रत्यक्ष आकडे सही झालेल्या ट्रायल बॅलन्सशी रुपयापर्यंत जुळले पाहिजेत.

दुसरी, विक्रेत्याची माणसं हात मागे बांधून बसतील. थोड्या प्रशिक्षणानंतर आमचा असिस्टंट मॅनेजर एक नवा विभाग जोडेल, एक कॉस्ट सेंटर हलवेल, वाटपाचं एक सूत्र बदलेल. हे ज्या उत्पादनात सल्लागाराला फोन न करता होतं त्याला गुण.

तिसरी, सगळे वापरकर्ते एकाच वेळी आत. जेवढी माणसं शेवटच्या संध्याकाळी आत असतात, तेवढी.

चौथी, पाच वर्षांचा सगळा खर्च रुपयांत. लायसन्स, अंमलबजावणी, प्रशिक्षण, नूतनीकरणाची वाढ आणि डॉलर चढला तर होणारा फरक, एकाच कागदावर.

पाचवी, प्रत्येक प्रश्नाखाली तो कुणी लिहिला त्याचं नाव, आणि प्रश्नांचं वजन उत्तरं उघडण्याच्या आधी ठरलेलं आणि सही केलेलं. निकाल बघून वजनं हलवणं यापुढे बंद.

सहावी, निवड समितीत किमान दोन प्लांट अकाउंटंट, आणि त्यांच्या मताला सीएफओंच्या मताइतकीच किंमत. वर्षातून एकदा डॅशबोर्ड बघणाऱ्यानं एकट्यानं निवडायचं आणि रोज आकडे भरणाऱ्यानं निस्तरायचं, हे पुष्कळ झालं.

यातली एकही मागणी महाग नाही. आमच्या डेटावरची चाचणी होते काही आठवड्यांत, चुकीची निवड निस्तरायला वर्षं जातात. एखादा विक्रेता अशा चाचणीला नकार देत असेल तर त्याचं नाव तिथेच खोडून टाक. तेवढ्यानं तुझ्या शंभर ओळी वाचतील.

पुढच्या वेळी तू टेबलावर येशील तेव्हा तुझ्या निकालाखाली आकडे भरणाऱ्या माणसांच्या सह्या आहेत का ते आम्ही आधी बघू. त्या नसतील तर तुझे ८७.४ गुण आम्ही मानणार नाही, आणि तसं मिनिट्समध्ये लिहायला लावू.

कळावे.

फायनान्समध्ये बजेट करणारी एक